वाचकांचे प्रश्न: जबड्याच्या ऑपरेशननंतर मी नेमकी कशी दिसेन?

मागच्या अंकात दातांना तारा लावण्याबद्दलच्या एका उत्तरात जबड्याच्या ऑपरेशनचा ओझरता उल्लेख केला होता, तेवढ्यावरून या महिन्यात मेलबॉक्स भरून गेलाय. गंमत म्हणजे दुखतं का, किती दिवस अ‍ॅडमिट राहायचं, असं विचारणारे अगदी मोजके. बाकी सगळ्यांच्या मनात एकच, नंतर मी दिसणार कशी किंवा कसा, आणि डॉक्टर कॉम्प्युटरवर जो फोटो दाखवतात तो खरा धरायचा का. म्हणून या वेळचं अख्खं सदर त्यावरच. पत्रं थोडी छाटलीत, नावं गाळलीत.

प्रश्न: नमस्कार डॉक्टर. माझी मुलगी २२ वर्षांची आहे, खालचा जबडा पहिल्यापासून पुढे. तारा लावून वर्ष होऊन गेलं. मागच्या आठवड्यात सर्जननी कॉम्प्युटरवर तिचा ऑपरेशननंतरचा फोटो दाखवला, तो इतका छान होता की तिनं मोबाइलवर काढून घेतला आणि आता सारखी तोच बघत बसते, मैत्रिणींनाही पाठवलाय. माझ्या पोटात गोळा आलाय. तसं दिसलं नाही तर? आणि तारा लावल्यापासून जबडा उलट जास्तच पुढे आलाय असं घरातले सगळे म्हणतात, हे बरोबर चाललंय ना? (एक आई, सांगली)

ताई, दुसरा प्रश्न आधी घेते कारण तो सोपा आहे. खालचा जबडा पुढे असला की दात वर्षानुवर्षं आपल्या परीनं ते झाकायला बघतात, खालचे पुढचे दात आत झुकतात, वरचे बाहेर झुकतात, आणि हाडांत समजा १० मिलिमीटरचा फरक असला तरी दातांत तो ४-५चाच दिसतो. ऑपरेशनमध्ये जबडा सरकवायचा तो दातांवर दात नीट बसतील तितकाच, त्यामुळे दात झुकलेलेच ठेवले तर सर्जनला जबडा मागे न्यायला जागाच उरत नाही. म्हणून आधी तारांनी दात आपापल्या हाडावर सरळ उभे करतात आणि ते करताना इतकी वर्षं झाकलेला फरक उघडा पडतो. मुलीचा जबडा वाढलेला नाहीये, जो होता तो आता पूर्ण दिसायला लागलाय. घरातल्यांना सांगा की आत्ता जरा वाईट दिसतंय ते ठरल्याप्रमाणेच आहे. (काही ठिकाणी आधी ऑपरेशन आणि मग तारा असंही करतात, पण ते सगळ्यांना चालत नाही.)

आता फोटो. तो तयार कसा होतो ते कळलं की किती भरवसा ठेवायचा ते तुमचं तुम्हालाच कळेल. डोक्याचा बाजूनं काढलेला एक्स-रे, ज्याला आम्ही नुसतं सेफ म्हणतो, तो १९३१ साली अमेरिकेत ब्रॉडबेंट आणि जर्मनीत होफ्राथ या दोन दंतवैद्यांनी स्वतंत्रपणे मांडला आणि आजही बहुतेक ठिकाणी प्लॅनिंग तिथूनच सुरू होतं. आम्ही शिकत होतो तेव्हा सगळं हातानं चालायचं. लाइटबॉक्सवर एक्स-रे ठेवायचा, त्यावर अ‍ॅसिटेटचा पातळ कागद चिकटपट्टीनं लावायचा आणि बारीक टोकाच्या पेन्सिलीनं कवटीचा तळ, दोन्ही जबडे, दात आणि बाहेरची कातडीची रेघ गिरवायची. मग दुसऱ्या कागदावर फक्त खालचा जबडा काढून तो दात जुळेपर्यंत मागे सरकवायचा, समजा ६ मिलिमीटर. इथपर्यंत सगळी भूमिती, त्यात वाद नाही. पण मग हनुवटीची आणि ओठाची नवी रेघ काढायची वेळ आली की पुस्तकातला तक्ता उघडायचा: हनुवटीची कातडी हाडाबरोबर जवळजवळ पूर्ण जाते, ६ म्हणजे ६, खालचा ओठ साधारण ६० ते ८० टक्के, म्हणजे ४-५ मिलिमीटर, आणि वरच्या जबड्याला हात लावला नसेल तर वरचा ओठ फारसा हलत नाही. त्या हिशेबानं टिंबं मांडायची आणि टिंबं जोडताना हात जसा वळेल तसा ओठ व्हायचा. आजचं टू-डी सॉफ्टवेअर मुळात हेच करतं, फक्त रेघेऐवजी तुमच्या मुलीचा खरा फोटो ताणून-आवळून दाखवतं, आणि फोटो असल्यामुळे डोळे लगेच विश्वास ठेवतात. पेन्सिलीच्या रेघेवर कुणी जीव टाकत नव्हतं.

थोडक्यात त्या चित्रातलं हाड ठरवलेलं असतं आणि कातडी अंदाजाची. हनुवटी कुठे येणार, चेहरा बाजूनं किती सरळ दिसणार, हा अंदाज बऱ्यापैकी खरा ठरतो. ओठ मात्र सगळ्यात बेभरवशाचे, आणि नेमकं आपण बघतो ओठांकडेच! जाड, मांसल ओठ हाडाची हालचाल बरीचशी पोटात घालतात, पातळ ओठ हाडामागे जास्त इमानदारीत जातात, आणि हे टक्के ज्या पेशंटांवरून काढले त्यात पाश्चात्त्य चेहरे जास्त होते, आपल्याकडचे ओठ सरासरीनं भरीव. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये हे टक्के बदलता येतात, पण कामाच्या धबडग्यात ते कोण बदलतंय! नाकाच्या शेंड्यापासून हनुवटीपर्यंत जी 'आदर्श' रेघ स्क्रीनवर दिसते, रिकेट्स या अमेरिकन दंततज्ज्ञांची ई-लाइन, तीसुद्धा गोऱ्या अमेरिकन चेहऱ्यांवरून आलेली. आपले ओठ त्या रेघेच्या थोडे पुढे असले म्हणून काही बिघडत नाही.

अजून एक गोष्ट फार कुणी सांगत नाही. एक्स-रे काढताना मुलीनं ओठ कसे ठेवले होते? कानात त्या मशीनचे दोन खुंटे बसवले की माणूस आपोआप ताठ होतो, ओठ आवळतो. सेफ काढायचा तो दात हलके टेकलेले आणि ओठ पूर्ण सैल सोडलेले असताना, मग भले तोंड थोडं उघडं दिसो. आवळलेल्या ओठांचा एक्स-रे घेतला तर पुढचा सगळा हिशेब आवळलेल्या ओठांचा होतो, सॉफ्टवेअर कितीही महाग असू दे. टेक्निशियननं घाई केली असेल तर परत काढून मागा, लाजू नका.

तुमच्या सर्जनकडे थ्री-डी असेल, म्हणजे सीबीसीटी (हाडं तिन्ही मितींत दाखवणारा स्कॅन) आणि चेहऱ्याचा थ्री-डी फोटो जोडून केलेलं, तर ते टू-डीपेक्षा चांगलं, विशेषतः चेहरा वाकडा असेल तर, कारण बाजूच्या एक्स-रेत डावं-उजवं एकावर एक येतं आणि वाकडेपणा त्यात कळतच नाही. फक्त 'सरासरी चूक २ मिलिमीटरच्या आत' असं कुणी म्हणालं की विचारा, सरासरी कशाची? अख्ख्या चेहऱ्याची घेतली तर त्यात कपाळ येतं, गालांचा वरचा भाग येतो, जे हललेलेच नाहीत, तिथे चूक होणार कुठून, आणि त्या गर्दीत ओठाची ३ मिलिमीटरची चूक दिसेनाशी होते. ओठाला ३ मिलिमीटर म्हणजे पुष्कळ झाले.

तुम्ही काय करा, पुढच्या भेटीत सर्जनना विचारा की वरचा जबडा किती मिलिमीटर पुढे, खालचा किती मागे, आणि हनुवटीला वेगळं काही करणार का. आजकाल बऱ्याच केसेसमध्ये खालचा एकटाच १० मिलिमीटर मागे ढकलण्यापेक्षा वरचा ४-५ पुढे आणि खालचा ५-६ मागे असं वाटून घेतात, कारण खालचा एकटाच खूप मागे नेला तर गळ्याखालची कातडी गोळा होऊन डबल चिन दिसायला लागते आणि जिभेमागची श्वासाची जागाही आवळते. पुष्कळदा तर मूळ दुखणं वरचा जबडा मागे राहिल्याचंच असतं, बोलणी मात्र खालच्याला बसतात. आणि एकाऐवजी दोन फोटो काढून मागा, ओठ कमी हलले तर असं आणि जास्त हलले तर असं. मुलीच्या मोबाइलमध्ये दोन्ही असू देत. त्या दोनांच्या मधलं कुठलंही रूप तिला चालणार असेल तर पुढे जा, त्यातलं एक बघून तिचा चेहरा पडला तर ऑपरेशनची तारीख घ्यायच्या आधी अजून एकदा बसून बोला.

लग्नाचं तुम्ही पत्रात अर्ध्या ओळीत लिहिलंय ते मी छापलं नाही. पण स्थळांना फोटो पाठवायची घाई ऑपरेशननंतर निदान सहा महिने तरी नको.

प्रश्न: मी २० वर्षांचा आहे, इंजिनिअरिंगला. मला साइडनं हनुवटीच नाहीये, वरचे दात पुढे. एका अ‍ॅपवर फोटोत हनुवटी ओढून बघितली, भारी दिसतो मी. तो स्क्रीनशॉट दाखवून असंच करून द्या म्हणता येईल का? आणि फक्त हनुवटीचं ऑपरेशन केलं तर स्वस्तात आणि लवकर होतं म्हणतात, ते चालेल का? (नागपूर)

स्क्रीनशॉट जरूर दाखव, तुला काय हवंय ते सर्जनला कळतं. पण अ‍ॅपला तुझ्या तोंडात दात आहेत हेच माहीत नाही. तू बोटानं हनुवटी १५ मिलिमीटर ओढलीस तरी ते ओढून देतं. खरा जबडा पुढे येणार तो खालचे दात वरच्यांना भेटेपर्यंत, तुझ्या वरच्या-खालच्या पुढच्या दातांत समजा ७ मिलिमीटरचं अंतर असेल तर जबडा तेवढाच, तारांनी दात सरळ केल्यावर कदाचित थोडा जास्त. त्याहून पुढे हनुवटी हवी असेल तर तिचं हाड वेगळं कापून सरकवावं लागतं, आणि हे दोन्ही एकाच वेळी करता येतं.

आणि सेल्फीवरून स्वतःला जोखू नकोस. हातभर अंतरावरून काढलेल्या फोटोत जे कॅमेऱ्याला जवळ ते मोठं दिसतं, २०१८ साली अमेरिकेत कुणीतरी याचा हिशेबच मांडला होता, फूटभर अंतरावरून नाक पाच फुटांपेक्षा सुमारे ३० टक्के जास्त रुंद दिसतं. नाक मोठं दिसलं की हनुवटी अजूनच गायब वाटते. अर्धं दुःख तिथलं आहे.

त्यापेक्षा एक फुकटातली युक्ती सांगते, आम्ही ओपीडीत हीच करतो. सरळ उभा राहा, समोर लांब बघ, आणि खालचा जबडा हळूच पुढे सरकव, पुढचे दात एकमेकांवर येईपर्यंत. ओठ सैल. मित्राला पाच फुटांवरून बाजूचा फोटो काढायला सांग. तो फोटो कुठल्याही अ‍ॅपपेक्षा खरा, कारण त्यात तुझी स्वतःची कातडी, तुझा स्वतःचा ओठ खरोखरच हललाय. एवढंच ध्यानात घे की असं करताना मागचे दात सुटतात आणि चेहरा थोडा लांब दिसतो, ऑपरेशनमध्ये ते सर्जन सांभाळून घेतात, पण तुझ्या केसमध्ये चेहऱ्याची उंची वाढणार का हा प्रश्न विचारून ठेव.

तुझ्यासारख्यांमध्ये खालचा ओठ हीच खरी भानगड असते. तो वरच्या दातांखाली दुमडून बसलेला असतो, त्याच्याखाली खोल घळ असते, आणि ओठ मिटायला गेलं की हनुवटीची कातडी संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत होते, आरशात बघ, होत असणारच. जबडा पुढे आला की हा ओठ नुसता पुढे सरकत नाही, तो उलगडतो, उंच होतो. टक्क्यांच्या तक्त्याला उलगडणं कळत नाही, त्यामुळे इथे सॉफ्टवेअरचा खालचा ओठ बऱ्याचदा चुकतो.

आता फक्त हनुवटी. हाड जितकं पुढे घेतलं त्याच्या साधारण ८० ते १०० टक्के कातडी पुढे येते, त्या अर्थानं हे सगळ्यात भरवशाचं ऑपरेशन. पण तुझा अख्खा जबडा मागे असताना नुसतं टोक पुढे काढलं तर ओठाखालची घळ अजून खोल होते आणि हनुवटी वरून चिकटवल्यासारखी दिसते. दातांचं तर काहीच होत नाही. फरक थोडा असेल आणि चावणं ठीक असेल तर नुसती हनुवटी छान, तू वर्णन केलंयस त्यावरून तुझं तसं वाटत नाही, पण हे मी न बघता बोलतेय. घोरतोस का, दिवसा झोप येते का, हेही डॉक्टरांना सांग, कारण खालचा जबडा पुढे आल्यावर घसा मोकळा होतो आणि काही जणांत ऑपरेशन करायचं तेच मोठं कारण असतं. खर्चाचं म्हणशील तर तुमच्या नागपुरातच शासकीय दंत महाविद्यालय आहे, मुंबईत सीएसएमटीजवळचं शासकीय आणि मुंबई सेंट्रलचं नायर, संभाजीनगरलाही आहे, गोव्यातल्या वाचकांना बांबोळी. रांग असते, पण खाजगीच्या मानानं खर्च फारच कमी.

प्रश्न: हसले की माझ्या हिरड्या खूप दिसतात, त्यासाठी वरचा जबडा वर उचलायचं ऑपरेशन सुचवलंय. एका ओळखीच्या मुलीचं असंच झालं आणि तिचं नाक फेंदारल्यासारखं दिसतं. मला आधीच रुंद नाक आहे. हे आधी कळतं का? (वय २९, ठाणे)

कळतं, म्हणजे होणार हे कळतं, किती होणार याचा पल्ला सांगता येतो. वरचा जबडा ज्या रेषेत कापतात तिला ल फोर्ट एक म्हणतात, ल फोर्ट हे फ्रेंच सर्जन, त्यांनी १९०१ साली मृत माणसांच्या डोक्यांवर आघात करून चेहऱ्याची हाडं कुठे कुठे फुटतात ते शोधलं आणि आज त्याच रेषेवर आम्ही मुद्दाम कापतो. ती रेषा नाकपुड्यांच्या बरोबर खालून जाते. तिथपर्यंत पोचायला आतून ओठ आणि नाकाच्या बुडाशी असलेले स्नायू हाडावरून सोडवावे लागतात, आणि सुटलेले स्नायू परत बसताना बाजूला पसरतात. म्हणून नाकपुड्या रुंदावतात, साधारण २ ते ४ मिलिमीटर. जबडा पुढे किंवा वर नेला तर नाकाचा शेंडाही थोडा वर होतो. ज्याचं नाक खाली झुकलेलं त्याला हे फायद्याचंच पडतं, तुमच्या बाबतीत नाही.

यावर उपाय आहे. टाके घालताना दोन्ही नाकपुड्यांच्या बुडातून एक टाका ओवून मध्ये आवळतात, त्याला सिंच टाका म्हणतात, आणि नाकाखालचं हाडाचं छोटं टोक गरजेप्रमाणे तासतात. त्यानं रुंदावणं कमी होतं, शून्य होईलच असं मात्र नाही. आणि यात एक अडचण अशी की भूल देताना श्वासाची नळी नाकातूनच घातलेली असते, कारण तोंडात सर्जन काम करतोय आणि दात जुळवून बघायचेत, त्यामुळे टेबलावर नाक मुळात ताणलेलंच असतं आणि किती आवळायचं हे सर्जनला नळीभोवती अंदाजानं ठरवावं लागतं. कुठलंही सॉफ्टवेअर हे सांगू शकत नाही. बाजूच्या एक्स-रेवरून केलेल्या चित्रात तर नाकाची रुंदी दिसतच नाही, कारण ते बाजूनं आहे! तेव्हा तुम्हाला साइडचा फोटो दाखवून 'बघा किती छान' म्हणत असतील तर समोरून काय होणार ते विचारा, आणि नाकपुड्यांची आत्ताची रुंदी मोजून लिहून ठेवायला सांगा.

वरचा ओठ. जबडा वर गेला की ओठही थोडा वर जातो, जबड्याच्या साधारण २० ते ४० टक्के, आणि लाल भाग आत वळून ओठ पातळ दिसू शकतो, त्यासाठी आतून इंग्रजी व्ही आणि वाय आकाराचे टाके घेतात. म्हणून हिशेब सोपा वाटला तरी सोपा नसतो, ५ मिलिमीटर हिरडी दिसते म्हणून ५ वर उचला, असं करायचं नसतं. चांगला सर्जन तुम्हाला हसायला लावायच्या आधी ओठ सैल सोडून गप्प बसायला सांगेल आणि दात किती दिसतात ते मोजेल. तरुण बाईचे वरचे पुढचे दात ओठाखाली साधारण २ ते ४ मिलिमीटर दिसले पाहिजेत, वय वाढतं तसे ते कमीच दिसत जातात. सगळ्या हिरड्या लपवायच्या नादात जबडा जास्त वर नेला तर पस्तिशीतच दात दिसेनासे होतात आणि चेहरा थकलेला, म्हातारा दिसतो. हसताना थोडी हिरडी राहू द्या, खरंच.

हिरड्या दिसायचं कारण जबडाच आहे ना, हेही पक्कं करून घ्या. कधी ओठ जास्त वर खेचला जातो, कधी हिरडीच दातांवर आलेली असते, त्यांचे इलाज वेगळे आणि बरेच छोटे.

प्रश्न: माझं दोन्ही जबड्यांचं ऑपरेशन होऊन पाच आठवडे झाले. फोटोत दाखवलं होतं तसं काहीच नाहीये. चेहरा गोल, नाक वर, ओठ फुगलेले, खालचा ओठ बधिर. मुलगा म्हणतो आई तू वेगळीच दिसतेस. मला फसवलं गेलंय का? (नाशिक)

आत्ताच निकाल लावू नका ना ताई. सूज पहिल्या दोन-तीन दिवसांत सगळ्यात जास्त असते, मग पहिल्या महिन्यात बरीच उतरते, आणि त्यानंतर जी उरते ती फार चिकट, विशेषतः ओठ, गाल आणि नाकाच्या बुडाशी. ज्यावर फोटो ताडून बघावा असा चेहरा सहा महिन्यांनी येतो, बारीकसारीक फरक वर्षभर चालतात. अंदाज किती बरोबर आला हे तपासणारे अभ्याससुद्धा साधारण सहा महिने ते वर्षानंतरच्या फोटोंवरच करतात.

शिवाय तुमच्या दातांवर अजून तारा असणार, त्या ब्रॅकेटच्या जाडीनंही ओठ थोडे पुढे ढकलले जातात, आणि ऑपरेशननंतरचं तारांचं काम अजून काही महिने चालेल, त्यातही पुढचे दात थोडे हलतात. बधिर ओठ स्वतःहून नीट मिटत नाही, लोंबल्यासारखा राहतो, म्हणून तो मोठा दिसतो. खालच्या जबड्याच्या आतून जाणारी नस ताणली गेल्यामुळे हे होतं, मुंग्या यायला लागल्या की समजा नस जागी होतेय. बहुतेकांचं काही महिन्यांत पुष्कळ सुधारतं, काहींना थोडा बधिरपणा कायमचा राहतो, हे तुम्हाला सहीच्या वेळी सांगितलं असायला हवं होतं.

मुलाचं मनाला लावून घेऊ नका, त्याला आईचा जुना चेहरा सवयीचा आहे. पण काही गोष्टींना थांबायचं नाही: दात एकावर एक बसेनासे झाले, हनुवटी एका बाजूला जायला लागली, एकाच बाजूची सूज उतरून परत वाढली, ताप किंवा पू, असं काही असेल तर लगेच सर्जनना फोन. यातलं काही नसेल तर सहा महिन्यांनी त्याच अंतरावरून, त्याच उजेडात फोटो काढून घ्या, आणि तेव्हाही खटकलं तर मग मोजून भांडा, मी तुमच्या बाजूनं आहे.

प्रश्न: मला जन्मतः दुभंगलेला ओठ आणि टाळू होती, लहानपणी ऑपरेशनं झालीत. आता वरचा जबडा १० मिलिमीटर मागे आहे असं सांगितलंय. माझ्या चेहऱ्याचा अंदाज इतरांसारखाच लागतो का? (वय २१, कोल्हापूर)

नाही लागत, आणि हे तुला आधीच स्पष्ट सांगितलं पाहिजे. तुझ्या वरच्या ओठात जुना व्रण आहे, तो ताणला जात नाही, आणि नाकाखालचा भाग दोन्हीकडे सारखा नाही. सॉफ्टवेअरचे टक्के बिनव्रणाच्या ओठांचे. काही जणांत ओठ अपेक्षेपेक्षा कमी पुढे येतो, काहींत एकाच बाजूनं येतो. चांगली गोष्ट ही की जबडा पुढे आल्यावर चपटं वाटणारं नाक आणि गालांच्या मधला भाग चांगलाच भरतो, समोरून फरक कळतो. ओठ आणि नाकाची डागडुजी जबडा स्थिर झाल्यावर, नंतर करायची असते, आधी करून घेऊ नकोस.

टाळूचा व्रण जबड्याला मागे खेचत राहतो त्यामुळे जबडा थोडा परत मागे जायचं प्रमाण तुझ्यासारख्यांत जास्त. १० मिलिमीटर ही मोठी हालचाल आहे, तेव्हा एका झटक्यात पुढे आणायचा की हाड कापून स्क्रूच्या यंत्रानं रोज थोडा थोडा, साधारण दिवसाला १ मिलिमीटर, पुढे न्यायचा, हे सर्जनशी बोल. दुसऱ्या पद्धतीत मऊ भागालाही ताणायला वेळ मिळतो. आणि दिसण्याच्या नादात एक राहून जातं, जबडा पुढे आला की टाळूही पुढे जाते आणि घशाशी फट वाढून बोलताना हवा नाकातून जाऊ शकते. ऑपरेशनच्या आधी स्पीच थेरपिस्टकडून तपासून घेच, नंतरही.

प्रश्न: मुलगा १५ वर्षांचा, खालचा जबडा पुढे येतोय. मित्रांत चिडवतात. आत्ताच ऑपरेशन करून टाकलं तर? (एक बाबा, बारामती)

नको. मुलांचा खालचा जबडा अठराव्या वर्षापर्यंत, काहींचा एकविशीपर्यंत वाढतो, आज मागे नेला तर दोन वर्षांत परत पुढे, आणि मग दुसरं ऑपरेशन. आत्ता एक सेफ काढून ठेवा, सहा महिने-वर्षानं दुसरा, एकावर एक ठेवून बघायचं, लागोपाठच्या दोन एक्स-रेंत जबडा जागचा हललेला नसेल तेव्हाच तारीख धरायची. मधल्या काळात डॉक्टरांना विचारल्याशिवाय तारा सुरू करू नका, कारण ऑपरेशन करायचं असेल तर दात एका दिशेला न्यायचे असतात आणि करायचं नसेल तर बरोबर उलट. चिडवण्याचं म्हणाल तर त्याच्या वर्गशिक्षकांना एकदा भेटून या.